बायपासनंतर अंगठा सुजतो, यूरिक ॲसिड मात्र नॉर्मल: मग दुखते काय?

वाचकाचे पत्र

मॅडम, सादर नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. वय ४७. वजन १२८ किलो, जोडीला मधुमेह आणि रक्तदाब, म्हणून फेब्रुवारीत माझी वजन कमी करण्याची बायपास शस्त्रक्रिया झाली. आज वजन ९७ किलो आहे आणि साखरेच्या गोळ्या बंद झाल्या आहेत. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अशी एकत्र गोळी चालू आहे. उठताना कधी कधी चक्कर येते.

एप्रिलमध्ये एका पहाटे उजव्या पायाचा अंगठा असा सुजला की चादरीचा स्पर्शही सहन होईना. गावातील डॉक्टरांनी डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, आठवड्यात उतार पडला. आषाढी एकादशीला निर्जळ उपवास केला आणि द्वादशीच्या रात्री तोच प्रकार घोट्यात झाला. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा गोळ्या. दुसऱ्याच दिवशी तपासलेले यूरिक ॲसिड ६.४, आर.ए. (आमवाताची रक्ततपासणी) निगेटिव्ह, एक्स-रे नॉर्मल. त्यामुळे गाऊट नाही, असे सांगण्यात आले. याशिवाय मांड्या, कंबर आणि नडग्या सतत दुखतात. खाली बसलो तर हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा असतोच, पण त्या पाच दिवसांत तो जास्त काळा आणि चिकट होता. कॅल्शियमने पोट साफ होत नाही म्हणून दोन महिन्यांपासून ते बंद केले आहे. शेजारी म्हणतात डाळ सोडा, शस्त्रक्रियेचे डॉक्टर म्हणतात प्रथिने वाढवा, घरचे म्हणतात ऑपरेशनने अंगात वात भरला. ऑपरेशन करून चूक झाली का? मार्गशीर्षात मुलीचे लग्न आहे. कन्यादानाला पाटावर बसता येईल ना?

उत्तर

सर, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात सांध्यांविषयी पुष्कळ आहे, पण मला सर्वांत आधी त्या काळ्या, चिकट शौचाविषयी लिहिले पाहिजे, कारण ती गोष्ट लांबणीवर टाकण्यासारखी नाही. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळपट किंवा हिरवट-काळा होतो, तरी तो घट्ट आणि नेहमीसारखाच असतो. डांबरासारखे काळे, चकाकणारे, भांड्याला चिकटणारे आणि उग्र दर्पाचे शौच म्हणजे पोटात वरच्या बाजूला रक्तस्राव झाल्याची खूण असू शकते. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून तिला आतडे जोडलेले असते आणि त्या जोडावर व्रण होण्याचा धोका कायमचा राहतो. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन या जातीची वेदनाशामके तो धोका वाढवतात. तंबाखू आणि मिश्रीही वाढवतात. याच आठवड्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना हा प्रकार फोन करून सांगा. शौच पुन्हा तसे झाले, रक्ताची उलटी झाली, घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा पोटात एकाएकी तीव्र दुखू लागले, तर सकाळ होण्याची वाट न पाहता त्याच वेळी मोठ्या रुग्णालयात जा.

इंजेक्शन घेतले म्हणजे पोट वाचले, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की शिकलेली माणसेही मला तसे ठामपणे सांगतात. ही औषधे गोळीच्या रूपात जठराला लागतात एवढाच त्रास नाही. ती रक्तात गेल्यावर जठराच्या अस्तराचे संरक्षण करणारी द्रव्येच कमी करतात, त्यामुळे ती कमरेत टोचली तरी अपाय तोच. सोबत आम्ल कमी करणारे पॅन्टोप्राझोल दिले तरी ते पुरते कवच नव्हे. यापुढे कोणत्याही डॉक्टरांकडे किंवा औषधाच्या दुकानात गेलात, तर दुखणे सांगण्याआधी ‘माझी पोटाची बायपास झालेली आहे’ हे वाक्य सांगा. गावातील डॉक्टरांनी तुमचे वाईट चिंतले असे मी म्हणत नाही. रात्री कळवळणारा माणूस समोर आला की हात त्या इंजेक्शनकडेच जातो. म्हणूनच ते वाक्य तुमच्या तोंडी असले पाहिजे.

आता दुखण्याकडे वळते. पत्र मी दोनदा वाचले आणि माझे मत असे झाले की तुम्हाला एक नव्हे, दोन वेगळी दुखणी आहेत, आणि एकाच नावाखाली दोन्ही शोधल्यामुळे एकही सापडले नाही. मध्यरात्रीनंतर एकाएकी एकच सांधा लाल होऊन ठणकणे, आठ दिवसांत तो पूर्ण बरा होणे आणि काही काळाने पुन्हा तसेच होणे, हे एक. मांड्या, कंबर आणि नडग्या दिवसरात्र मंद दुखणे आणि जमिनीवरून उठताना बळ न पुरणे, हे दुसरे.

पहिल्याचा चेहरा गाऊटचा आहे. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा हे गाऊटचे सर्वांत परिचित ठिकाण, त्याखालोखाल घोटा, पायाचा मधला भाग आणि गुडघा. आपल्या वैद्यकात याला वातरक्त म्हणतात, त्यामुळे घरच्यांच्या ‘वात’ या शब्दात अगदीच तथ्य नाही असे नाही. यूरिक ॲसिड रक्तात दर डेसिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे गेले की ते विरघळलेले राहू शकत नाही आणि सांध्यात सुईसारखे बारीक स्फटिक साचू लागतात. शरीराच्या टोकाला असलेले सांधे थंड असतात, तिथे हे अधिक होते. स्फटिक वर्षानुवर्षे काही न बोलता पडून असतात. रक्तातले प्रमाण एकदम वर गेले किंवा एकदम खाली आले, की ते सुटे होतात आणि शरीराच्या पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. ती रात्र तुम्ही दोनदा भोगली आहे.

मग यूरिक ॲसिड ६.४ कसे? ऐन झटक्यात ते नेहमीपेक्षा खाली आलेले असणे ही बऱ्याच रुग्णांत दिसणारी गोष्ट आहे. त्यामुळे झटक्याच्या दुसऱ्या दिवशीचा नॉर्मल अहवाल गाऊट नाकारण्यासाठी अपुरा आहे. ठणका पूर्ण ओसरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करावी. एक्स-रेमध्येही सुरुवातीच्या काळात काही दिसत नाही, हाडाला खाच पडायला वर्षे लागतात, आणि आर.ए. निगेटिव्ह येणे याचा गाऊटशी काहीच संबंध नाही. तिन्ही अहवाल खरे आहेत, फक्त तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यात नाही.

ते उत्तर सांध्यातील पाण्यात आहे. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांना माझ्याकडे आणले होते. तीन वर्षे त्यांच्यावर निरनिराळ्या नावांनी उपचार चालू होते. सुजलेल्या गुडघ्यात सुई घातली तेव्हा आलेले पाणी भाताच्या पेजेसारखे गढूळ होते. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा एक थेंब ठेवला, आणि काळ्या पार्श्वभूमीवर लख्ख सुया दिसल्या, काही तर पांढऱ्या पेशींच्या पोटात रुतलेल्या. तीन वर्षांचा वाद त्या एका थेंबाने मिटला. पुढच्या वेळी सांधा सुजला तर उपचार सुरू होण्याआधी किंवा निदान पहिल्या एक-दोन दिवसांत हे पाणी काढून तपासावे, असा आग्रह धरा. अंगठ्यातून पाणी काढणे अवघड असते, घोट्यातून किंवा गुडघ्यातून ते जमते. परभणीत सोय झाली नाही तर नांदेड, लातूर, अंबाजोगाई आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत औषधवैद्यक किंवा अस्थिरोग विभागात विचारा, आणि निघण्याआधी ध्रुवित सूक्ष्मदर्शकाची सोय तिथे आहे ना, याची खात्री करून घ्या. सांध्याची चांगली सोनोग्राफीही कूर्चेवर साचलेला स्फटिकांचा थर दाखवू शकते.

या तपासणीचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. एकच सांधा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत थंडी वाजून ताप, असे चित्र सांध्यात पू झाल्यावरही दिसते, आणि त्यात दोन-तीन दिवसांची दिरंगाई सांधा कायमचा निकामी करू शकते. दोघांतला फरक नुसत्या डोळ्यांनी नेहमी ओळखता येत नाही. पावसाळ्यात चिकनगुनियानेही सांधे धरतात, पण त्यात आधी ताप येतो आणि बहुधा दोन्ही हातापायांचे अनेक सांधे एकदम दुखतात. तुमचे वर्णन तसे नाही.

आता शस्त्रक्रियेचा दोष किती, ते पाहू. वजन झपाट्याने उतरते तेव्हा शरीर स्वतःच्याच पेशी मोडून वापरते आणि त्या पेशींतील प्युरिनचे शेवटी यूरिक ॲसिड होते. त्याच वेळी चरबी जळून कीटोन तयार होतात. मूत्रपिंडातून बाहेर पडण्याच्या वाटेवर कीटोन आणि यूरिक ॲसिड यांची गर्दी होते आणि यूरिक ॲसिड मागे राहते. त्यात छोट्या पोटामुळे पाणी कमी प्यायले जाते. म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत गाऊटचे झटके वाढतात. मात्र साधारण वर्षभरानंतर, वजन स्थिरावले की, यूरिक ॲसिड शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा खाली येते आणि झटकेही कमी होतात, कारण लठ्ठपणात इन्सुलिनचे जे जादा प्रमाण मूत्रपिंडाला यूरिक ॲसिड अडवून धरायला लावत होते, तेच उतरलेले असते. ३१ किलो वजन आणि साखरेच्या गोळ्या ज्या शस्त्रक्रियेने उतरवल्या, तिच्याबद्दल पश्चात्ताप करण्याचे कारण मला दिसत नाही. स्फटिक बहुधा फेब्रुवारीच्या खूप आधीपासून तिथे होते.

तुमच्या दोन्ही झटक्यांच्या तारखा मात्र बोलक्या आहेत. एक एप्रिलच्या उन्हाळ्यातला, जेव्हा आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. दुसरा निर्जळ एकादशीच्या दुसऱ्या रात्रीचा. उपवासाने कीटोन वाढतात, पाणी तुटल्याने मूत्रपिंडाचे काम मंदावते, आणि तुमच्या रक्तदाबाच्या गोळीतील हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारे औषध स्वतःच यूरिक ॲसिड अडवते. तिन्ही एकत्र आले. उठताना चक्कर येते याचा अर्थ वजन उतरल्यावर आता ती गोळी जास्तही होत असेल. ती स्वतःहून बंद करू नका. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ, बसून आणि मग उभे राहून, रक्तदाब मोजून लिहा आणि तो कागद दाखवून गोळी बदलता येईल का, असे डॉक्टरांना विचारा.

एकादशी सोडा असे मी सांगणार नाही. माझ्या माहेरी वारी आहे, आषाढीचे मोल मला ठाऊक आहे. परंतु हे पहिले वर्षभर तरी निर्जळ नको, आणि दिवसभर पोट रिकामेही नको. दूध, ताक, दही, राजगिरा आणि थोडे दाण्याचे कूट घेऊन उपवास करता येतो. पाणी घोटाघोटाने दिवसभरात दीड ते दोन लिटर जायला हवे, जेवणाच्या आधी आणि नंतर अर्धा तास सोडून. वर्गात टेबलावर एक लिटरची बाटली ठेवा आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत ती अर्ध्याखाली आणा. लघवीचा रंग फिका राहिला की समजा जमले.

डाळीविषयी शेजाऱ्यांचे ऐकू नका. डाळीत प्युरिन असते, पण डाळी-कडधान्यांनी गाऊट वाढत असल्याचे दिसलेले नाही, आणि बायपासनंतर तुम्हाला रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत. वरण, पिठले, मोडाची मटकी, दही, पनीर, अंडे हे सर्व चालू द्या. दूध-दही तर गाऊटमध्ये उपकारकच ठरते. सोडायचे ते कलेजी-भेजा, मटणाचा दाट रस्सा, बिअर आणि इतर मद्य, शीतपेये आणि उसाचा रस. हाडे दुखतात म्हणून पाया सूप पाजण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. तुमच्या बाबतीत ती आपुलकी उलट फळेल. पालकाची भाजी रोज नको, पण ती सांध्यासाठी नव्हे, बायपासनंतर मुतखड्याचा संभव वाढतो म्हणून.

दुसऱ्या दुखण्याबद्दल मला अधिक काळजी वाटते, कारण त्याकडे कुणाचेच लक्ष नाही. मांड्यांतील अशक्तपणा, नडग्यांवर दाबले की दुखणे आणि टेकू घेऊन उठणे ही ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमच्या कमतरतेने हाडे मऊ पडल्याची लक्षणे असू शकतात. लठ्ठ माणसांत ड जीवनसत्त्व शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच कमी असते, बायपासने त्याचे शोषण आणखी घटते, आणि तुम्ही कॅल्शियम बंद केले. शरीराला कॅल्शियम मिळाले नाही की ते हाडांतून काढून घेते. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पॅराथायरॉइड हॉर्मोन एवढ्या तपासण्या एकत्र करा. त्याच रक्तातून बी-१२, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाचे काम) पाहून घ्या. पोट घट्ट होते म्हणून कॅल्शियम सोडण्याऐवजी कार्बोनेटच्या जागी सायट्रेट मागून घ्या. त्याला पचायला जठरातील आम्ल लागत नाही, म्हणून बायपासनंतर तेच योग्य, आणि पोटालाही ते सहसा कमी जड जाते. दिवसातून दोन-तीन वेळा विभागून घ्या आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास दूर ठेवा, नाहीतर दोन्ही वाया जातात. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक अशी किती आठवडे घ्यायची, हे अहवाल पाहून डॉक्टरच ठरवतील. ती मनाने महिनोन्‌महिने घेत राहणे घातक आहे. पायांना मुंग्या, तोल जाणे किंवा वारंवार उलट्या असे काही असेल तर लगेच कळवा, कारण बी-१ च्या कमतरतेत मज्जातंतूंची हानी फार लवकर होते.

पुढचा झटका आला तर काय, हे आत्ताच ठरवून ठेवलेले बरे. सांध्याला आराम, कापडात गुंडाळलेला बर्फ, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल एवढे घरी करता येते. खरे औषध म्हणून तुमच्यासारख्यांना बहुधा कमी मात्रेतील कोल्चिसिन दिले जाते. ते पहिल्या दिवसातच सुरू केले तर चांगले लागू पडते, पण क्रिएटिनिन पाहूनच, आणि जुलाब लागले तर थांबवून विचारावे लागते. पू नाही याची खात्री झाल्यावर सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन हाही मार्ग आहे. तोंडाने स्टेरॉइड घेतल्यास साखर पुन्हा चढेल आणि जोडावरच्या व्रणाचा धोकाही राहील, म्हणून तो निर्णय शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना विचारूनच व्हावा. बाजारात ‘वातावरची पुडी’ म्हणून जे विकले जाते त्यात अनेकदा स्टेरॉइडच असते. तिच्या वाटेला जाऊ नका.

गाऊट सिद्ध झाला तर सहा महिन्यांत दोन झटके हे यूरिक ॲसिड उतरवणारे कायमचे औषध सुरू करण्यास पुरेसे कारण आहे. ॲलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरू करून, प्रमाण ६ च्या खाली येईपर्यंत हळूहळू वाढवतात, आणि पहिले तीन ते सहा महिने कोल्चिसिनची छोटी मात्रा सोबत ठेवतात, कारण स्फटिक विरघळू लागले की सुरुवातीला झटका येऊ शकतो. अंगावर पुरळ उठले तर त्याच दिवशी ॲलोप्युरिनॉल बंद करून डॉक्टरांना गाठायचे. एकदा नीट बसले की मधल्या झटक्यात मात्र ते थांबवायचे नाही.

मार्गशीर्षाला अजून चार महिन्यांहून अधिक अवधी आहे. हाडांचे दुखणे मला वाटते तेच निघाले आणि उपचार या महिन्यातच सुरू झाले, तर वेदना काही आठवड्यांत कमी होऊ लागतील आणि मांड्यांत बळ येण्यास काही महिने लागतील. पाटावर बसण्याची आशा बाळगायला जागा आहे. तरी त्या दिवशी उठताना आधाराला मुलगा किंवा भाचा जवळ असू द्या, आणि सांधा सुजलेला असेल तर चौरंगावर बसून विधी करण्यास गुरुजी नाही म्हणणार नाहीत. कन्यादान होईपर्यंत आईवडिलांनी उपाशी राहण्याची रीत तुमच्या घरी असेल, तर आदल्या दिवशीच गुरुजींशी बोलून ठेवा आणि मंडपात तुमच्या पाटाशेजारी पाण्याचा तांब्या आणि ताकाचा पेला ठेवायला सांगा.